व्यवसाय सुरू केल्याचा दिनांक

माझी वहिनी वेताच्या खुर्च्या विणते. लाकडी चौकट तशीच ठेवायची, फाटलेली बैठक कापून काढायची आणि नव्या वेतानं पुन्हा भरायची, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणतो, पण एकदा करून बघावं. वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवायच्या आणि ओल्या असतानाच ओढायच्या. चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. त्यातून आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि शेवटी दोन्हीकडून तिरके. तिरका पदर सगळ्यांच्या मधून सरकवताना बोटं सोलून निघतात. पट्टी वाळली की तुटते, सैल राहिली की बसणारा खाली जातो. मी आयुष्यभर फाउंड्रीत वाळूचे साचे भरले, मेहनतीची मला नवलाई नाही. एकदा दुपारभर वहिनीच्या स्टुलावर बसून बघितलं. अर्धी बैठकही झाली नाही. जी झाली ती तिनं सरळ उसवली.

वहिनी डावरी आहे. त्यामुळे तिच्या विणीची खालची बाजू वेगळी दिसते. बैठकीखाली प्रत्येक पट्टीचं टोक गाठ मारून बंद करतात. बाकीच्यांच्या गाठींची शेपटं एका अंगाला वळलेली असतात, तिची दुसऱ्या. खुर्ची उलटी केली की मला लगेच कळतं. वर बसणाऱ्याला काहीच कळत नाही.

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सगळे मास्तर म्हणायचे. शिकवायला तो कधी कुठे गेला नव्हता. बोलण्याची ढब तशी होती. धंदा दोघांचा. चौकटी घासणं, भोकं मोकळी करणं, पॉलिश, गिऱ्हाईक, ने-आण हे भावाचं. विणणं वहिनीचं. सुरुवातीला तोही विणायचा. मग त्याचा उजवा हात थरथर कापायला लागला, पट्टी भोकात जाईना. डाव्या हातानं करून बघितलं, तो हात त्याला भाकड होता. त्यानंतर एकही बैठक त्यानं भरली नाही. गिऱ्हाईक मात्र म्हणायचं, "मास्तर, काय हात आहे तुमचा."

भाऊ म्हणायचा, "हात हिचा आहे हो."

गिऱ्हाईक हसायचं. मास्तर बायकोचं कौतुक करतायत, असं त्याला वाटायचं.

नोंदणी भावाच्या नावावर होती. ती करावी लागली वाचनालयामुळे. तिथल्या अभ्यासिकेत सगळ्या खुर्च्या वेताच्या, आणि त्या सगळ्या कधी ना कधी वहिनीच्या हाताखालून गेलेल्या. दरवर्षी त्यातल्या काही दुरुस्तीला यायच्या. एका वर्षी ग्रंथपालबाईंनी सांगितलं, आता साध्या चिठ्ठीवर चालणार नाही, टॅक्स नंबर असलेलं बिल लागेल. मग दोघं एका कर सल्लागाराकडे गेले. भाऊ म्हणाला, दोघांची नावं घाला.

"एका खोलीत बसून दोन नंबर कशाला?" सल्लागार म्हणाला. "दोनदा विवरणपत्र, दोनदा माझी फी. घरातलंच आहे ना सगळं?"

घरातलंच होतं. भावाच्या अर्जात पत्नीचा व्यवसाय असा एक रकाना होता. सल्लागारानं तिथे गृहिणी लिहिलं. वहिनी शेजारीच बसली होती, बोटांना चिकटपट्ट्या लावून.

नंबर आल्यावर भावानं शिक्का करून घेतला. नाव, खाली नंबर, खाली पत्ता. त्या शिक्क्याचं त्याला भारी कौतुक. हात कापायचा, ठसा फाटायचा, म्हणून वहिनी शिक्का उमटवायची आणि भाऊ शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसायचा. विवरणपत्राची तारीख त्यानं कधी चुकवली नाही. "सरकारदरबारी माहीत आहे मी कोण ते," असं म्हणायचा.

मी म्हणायचो, "सरकार खुर्चीत बसतं. वाकून खाली कधी बघतं का?"

"तू वाळूतच राहा," तो म्हणायचा.

गेल्या वर्षी तो गेला. फुप्फुसांनी दगा दिला. अंथरुणाला खिळला तेव्हा वहिनी पलंगाजवळ स्टूल ओढून तिथेच विणायची. पाण्याची बादलीही तिथेच. ओल्या वेताचा वास त्याला बरा वाटायचा, औषधांच्या वासापेक्षा.

तो गेला तेव्हा लोकांच्या खुर्च्या अर्ध्या विणून पडल्या होत्या. भिजवलेला वेत तसाच ठेवला तर काळा पडतो. वहिनी थोड्याच दिवसांत स्टुलावर बसली. मी रोज जायला लागलो, चौकटी घासायला. ते काही माझं काम नव्हे, पण घासणं मला जमतं. खुर्च्या तयार होऊन जात होत्या, बिलं जात होती. बिलावर वहिनी शिक्का मारायची. विवरणपत्राची तारीख आली की भावानं शिकवलं होतं तसं भरून टाकायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दुकान होतं, काम होतं, शिक्का होता.

भावाची लेक दुसऱ्या शहरात असते. घरी बसून कंपन्यांना जाहिरातींची चित्रं करून देते. कोणाची नोकर नाही, तिचाही स्वतःचा नंबर आहे. चहा निवायच्या आत मोबाइलवर काढला म्हणून सांगते. ती सुट्टीला आली. टेबलावर एक बिल वाळत पडलं होतं.

"आई, हे काय?"

"वाचनालयाचं बिल. हात लावू नकोस, शाई ओली आहे."

"पण हा बाबांचा शिक्का आहे."

"मग कोणाचा मारू?"

लेक खाली बसली. "बाबा गेल्यावरसुद्धा हाच मारतेस?"

"दुकान कुठे गेलंय? दुकानाचा नंबर आहे तो."

"नाही गं. तो बाबांचा नंबर होता. माणूस गेला की नंबर बंद करायचा असतो. कागदावर दुकान म्हणजे बाबाच."

वहिनीच्या हातातली पट्टी वाळायला लागली होती. तिनं ती पुन्हा पाण्यात सोडली. "टॅक्स वेळेवर भरलाय मी. त्यांच्या नावानं."

"तेच तर म्हणतेय." लेकीनं कपाळाला हात लावला आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. "काका, तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"मी पगारी माणूस," मी म्हणालो. "माझा टॅक्स साहेबच कापायचे. मला विचारत नव्हते."

"धन्य आहात दोघं," लेक म्हणाली.

त्याच सुमारास ग्रंथपालबाईंचा निरोप आला. अभ्यासिकेच्या सगळ्या खुर्च्या एकदम नव्यानं विणून घ्यायच्या ठरल्या होत्या. इतकं काम एका जागी वहिनीला आयुष्यात मिळालं नव्हतं. तिचे डोळे आणि बोटं आता किती वर्षं साथ देतील कोण जाणे. तेवढी वर्षं त्यात निघाली असती, दारोदार विचारत फिरायला नको. पण काम देताना वाचनालयाची अट होती. नोंदणी काम घेणाऱ्याच्या स्वतःच्या नावाची हवी आणि त्या नोंदणीवर निदान तीन वर्षांचा अनुभव हवा.

ग्रंथपालबाई वहिनीला वर्षानुवर्षं ओळखायच्या. बैठका कोण विणतं हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या नावानं नोंदणी करा. व्यवसाय सुरू केल्याचा दिनांक विचारतात, तिथे खरा दिनांक घाला. अनुभव त्यातच आला. पुढचं मी बघते."

वहिनी घरी येऊन मला म्हणाली, "भाऊजी, दुसऱ्या कोणाच्या हातात पडल्या तर चौकटी फोडतील हो. भोकं किती झिजलीत ते मला माहीत आहे." त्या दिवशी तिनं स्टुलाच्या सैल पायाला खिळा मारून घेतला. बरेच महिने तो तसाच डुगडुगत होता.

नवी नोंदणी लेक मोबाइलवर करून देणार होती, पण भावाचा नंबर बंद करायला आणि मागचा दिनांक घालायला प्रत्यक्ष जावं लागणार होतं. आम्ही तिघं गेलो. कार्यालयात फायबरच्या खुर्च्या एका लोखंडी पट्टीवर ठोकलेल्या. वहिनीला सवय आहे, बसायच्या आधी खुर्ची कलती करून खालून बघायची. ही खुर्ची हलली नाही, तेव्हा वहिनी नाइलाजानं तशीच बसली.

आमचा नंबर लागला. अधिकारी लेकीच्या वयाचा होता, आवाजानं मऊ. त्यानं भावाचा मृत्यूचा दाखला वाचला, मग पडद्यावर काहीतरी वाचलं, मग पुन्हा दाखला हातात घेतला.

"हे गेल्या वर्षी वारले?"

"हो," वहिनी म्हणाली.

"पण बिलं त्यानंतरही निघालीत. विवरणपत्रंही भरलीत."

"हो."

"मग काम कोण करत होतं?"

"आधी जे करत होतं तेच माणूस."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. वहिनीचे हात टेबलावर होते. त्यानं ते बघितले. "म्हणजे तुम्ही."

"मी."

"बरं," तो म्हणाला. "हे मिटवता येईल. घाबरू नका. ते गेल्यानंतरचं काम तुम्ही वारस म्हणून पूर्ण केलं, असं लिहून द्या. त्यांचं राहिलेलं काम."

लेकीनं अर्ज लिहिला, वहिनीनं सही केली. स्वतःच विणलेल्या खुर्च्यांची ती वारस झाली. काम पुढे सरकत होतं.

मग नवी नोंदणी. तो विचारायचा, वहिनी सांगायची, तो टाइप करायचा. नाव, पत्ता, जन्मतारीख. कामाचा प्रकार निवडायची यादी होती, त्यात विणकाम होतं पण ते कापडाचं. सुतारकाम होतं. वेत नव्हता. शेवटी फर्निचर दुरुस्ती, इतर, यावर आलं.

"व्यवसाय सुरू केल्याचा दिनांक?"

वहिनीनं लग्नानंतरचं दुसरं वर्ष सांगितलं. त्यानं कळफलकावरचे हात उचलले.

"तसं घालता येतं. मी अडवणार नाही. पण पुढे काय होईल ते आधी सांगतो. तेव्हापासून व्यवसाय तुमचा असेल तर कमाईही तुमची. आणि यांनी तर ती सगळी स्वतःची म्हणून दाखवली आहे, दरवर्षी, सही करून. मग त्यांची विवरणपत्रं चुकीची ठरतात. ती सगळी उघडावी लागतील."

"म्हणजे पैसे भरावे लागतील?" लेकीनं विचारलं.

"बहुतेक नाही. कर भरलेलाच आहे. पण खोटी माहिती दिली, असा शेरा पडेल. त्यांच्या नावावर."

"त्यांनी खोटं नाही सांगितलं," वहिनी म्हणाली.

"मला पटतंय हो. पण कागदावर दोघांपैकी एकाचंच राहतं." त्यानं कागद बाजूला सरकवले. "पाच मिनिटं बाहेर बोलून या. घाई नाही."

बाहेरच्या बोळात पाण्याचा नळ होता. वहिनीनं हात धुतले. हात स्वच्छ होते, तरी धुतले.

"आई, घालून टाक तुझी तारीख," लेक म्हणाली. "बाबांना आता काय फरक पडतो? आणि बाबाच म्हणाले नसते का? हात हिचा आहे, हात हिचा आहे, सगळ्यांना सांगत फिरायचे."

मीही तेच म्हणालो. म्हटलं, "वहिनी, पाठ तुमची मोडली. बोटं तुमची गेली. ज्यानं केलं त्याच्या नावावर लागलं पाहिजे. माझा सख्खा भाऊ होता, तरी सांगतो."

वहिनीनं पदराला हात पुसले. "शेवटी शेवटी ते शुद्धीवर आले की पहिलं काय विचारायचे, आठवतं तुम्हाला?"

आठवत होतं. विवरणपत्र भरलंस का. पाणी नंतर मागायचा.

"हात गेल्यापासून त्यांना एकच गोष्ट कोणापुढेही ताठ मानेनं सांगता यायची," ती म्हणाली. "आपला कारभार चोख आहे. विणता येत नव्हतं, उचलता येत नव्हतं. तेवढं एक होतं त्यांचं. त्यावर मी शेरा मारून घेऊ?"

"आणि वाचनालयाच्या खुर्च्या?" मी विचारलं.

"मिळतील की."

मिळणार नाहीत हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. लेक तोंड फिरवून मोबाइलमध्ये बघत राहिली, पण तिचा अंगठा हलत नव्हता.

वहिनी आत गेली आणि उभ्यानंच म्हणाली, "आजची घाला."

त्यानं आजची घातली. पुढच्या रकान्यात अनुभव विचारला होता. तो आपोआप भरला गेला, शून्य. अधिकाऱ्यानं ते वाचून दाखवलं नाही, पण पडदा आमच्याकडे वळलेला होता. छापलेला कागद आला, त्यावर नवा नंबर, आणि खाली यंत्रानंच छापलेली एक ओळ, नव्या उद्योजकाचं स्वागत आहे.

"जुना शिक्का असेल तर तो आता वापरू नका," तो म्हणाला.

वहिनीनं तो पिशवीत आणला होता, रुमालात गुंडाळून. द्यायला म्हणून बाहेर काढला. अधिकारी म्हणाला, "द्यायला नको. फक्त वापरू नका." तिनं तो परत गुंडाळला. दोन घड्या जास्त घातल्या.

ग्रंथपालबाईंनी कागद बघितला आणि चष्मा काढला. "अहो, आजची का घातलीत?"

"आजच केली ना नोंदणी," वहिनी म्हणाली.

बाईंनी खूप खटपट केली, असं नंतर कळलं. पण अट ती अट. काम एका फर्निचरच्या ठेकेदाराला गेलं. त्याच्याकडे नोंदणी जुनी, माणसं पुष्कळ.

वहिनीच्या नोंदणीला महिना झाला तेव्हा तो ठेकेदार तिच्या दारात आला. माणूस वाईट नव्हता. सरळ बोलला. "बाईंनी तुमचं नाव सुचवलं. माझ्याकडे सुतार आहेत, पॉलिशवाले आहेत, वेत विणणारं एकही माणूस नाही. खुर्च्या मी इथे आणून टाकतो. नगावर काम करा. वाचनालयाचं बिल मी करीन, तुम्ही मला करा. नंबर आहे ना तुमचा?"

"आहे."

"झालं तर."

तो गेल्यावर मी वहिनीवर चिडलो. म्हटलं, काम तुमचं, खुर्च्या तुमच्या, आणि मध्ये हा कोण? नाही म्हणायचं होतं. वहिनी पट्ट्यांची जुडी सोडत होती. "खुर्च्या येतायत ना, भाऊजी? तुम्ही बारीक पॉलिशपेपर आणा. मागचा जाड होता, लाकूड ओरबाडलं."

पॉलिशपेपर खरोखरच जाड होता. मी बारीक आणला.

पंधरा दिवसांनी पहिल्या खुर्च्या टेम्पोतून उतरल्या. खोली भरली, मग व्हरांडा भरला. ठेकेदार स्वतः आला होता. त्यानं एक खुर्ची उचलून टेबलावर उलटी ठेवली. मी कोपऱ्यात एक चौकट घासत होतो, तिथूनही गाठी दिसल्या. शेपटं सगळी वहिनीच्या विणीसारखी, दुसऱ्या अंगाला वळलेली.

"विण बघा," ठेकेदार म्हणाला. "वरून फाटली, पण एक गाठ सुटलेली नाही. कोणाचं काम हे?"

"आमच्या ह्यांचं," वहिनी म्हणाली.

"मास्तर ना? नाव ऐकलंय." त्यानं गाठींवरून बोट फिरवलं. "पण गाठी उलट्या आहेत. मास्तर डावरे होते का?"

माझा हात थांबला. भाऊ उजव्या हातानं जेवायचा, उजव्या हातानं लिहायचा, कापायचा तोही उजवाच. मी मान वर केली. वहिनीनं माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली. "डावरेच होते."

"असा हात नशिबानं मिळतो. तुम्ही त्यांच्याकडूनच शिकलात?"

"हो."

"मग काळजी नाही. किती वर्षं करताय?"

"दीड महिना झाला."

ठेकेदार हसला. बाई गमतीची आहे, असं काहीतरी म्हणाला, आणि टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेला.

वहिनीनं ती खुर्ची सरळ करून दोन गुडघ्यांत धरली. डाव्या हातात सुरी घेतली आणि कडेकडेनं बैठक कापायला सुरुवात केली. जुना वेत कडक झालेला असतो, कापताना चौकट हिसके देते. मी उठलो आणि चौकट दोन्ही हातांनी धरली.

"घट्ट धरा, भाऊजी," ती म्हणाली. "भोकं झिजलेली आहेत."

मी घट्ट धरली.